ब्रेक मस्त लागतायत, मग रिकॉल कशाला?

प्रश्न: माझ्या ट्रकच्या मागच्या ब्रेक चेंबरसाठी (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक चालवणारा डबा) कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे सदोष पार्ट बदलायला बोलावणारं पत्र आलंय. ब्रेक एकदम ओके आहेत, हातात भाडं पण आहे, महिनाभराने नेली गाडी तर चालेल का?

उत्तर: नाही दादा, महिना फार झाला. आजच सर्व्हिस सेंटरला फोन करा, चासी नंबर जुळवा आणि तोवर गाडी चालवायची की नाही हे तिथेच स्पष्ट विचारून घ्या. चेंबरच्या आतला रबरी पडदा (डायफ्रॅम) चिरायला लागला तरी सुरुवातीला पेडलवर काही कळत नाही, पण चेंबरच्या पार्किंग ब्रेकच्या भागातली हवा गेली की तिथली दाबून ठेवलेली स्प्रिंग स्वतःच ब्रेक लावते आणि भर रस्त्यात चाक जाम. हवा गळतेय का बघायला चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करून पार्किंग ब्रेक सोडा, पेडल दाबून धरा, हवेच्या दाबाचा काटा आधी थोडा उतरेल तो सोडून द्या, पुढच्या मिनिटात 3 पीएसआयपेक्षा जास्त उतरला किंवा चाकापाशी फुस्स आवाज आला तर गाडी हलवूच नका. नाही उतरला तरी पार्ट बदलायचाच हं. आणि चेंबर स्वतः उघडू नका, हात जोडून सांगतो, ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जातो.