उट्रेख्तजवळ नदीकाठचं लहान गाव आणि किल्ला कुठला? इतिहास काय? आईबाबांना न्यावं का?

नेदरलँड्समधल्या या आउट-झाउलन गावाला न्या, बिनधास्त. फक्त ‘किल्ला बघायला चाललोय’ असं सांगून नेऊ नका. मी सांगितलं होतं, दोन वर्षं झाली, अजून ऐकून घेतेय.

मामा आले होते. सह्याद्रीतले शंभरावर गड पालथे घातलेला माणूस. फेख्त नदीच्या काठाने सायकली मारत अर्ध्या तासात पोचलो. चार गल्ल्यांचं गाव, पाण्यालगत घरं आणि खंदकात उभा विटांचा स्लॉट झाउलन (‘स्लॉट’ म्हणजे डचमध्ये किल्ला). मामांनी कमरेवर हात ठेवून वर पाहिलं नि म्हणाले, “अगं, हा तर देशमुखांचा वाडा!” संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो: ‘भाचीने दाखवलेला किल्ला’. पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

तर मामा (ते माझी उत्तरं वाचतात), वाडा नाही, गढी म्हणा. चढायला डोंगर नाही यात डच लोकांचा काय दोष? फेख्त म्हणजे उट्रेख्तहून उत्तरेला समुद्राकडे जाणारा व्यापाराचा रस्ता, आणि त्याच्या काठावर १३व्या शतकात इथे पहिला बुरूजवजा वाडा उभा राहिला. १४२२ मध्ये ‘हुक’ आणि ‘कॉड’ (हो, गळ आणि मासा) या सरदारी पक्षांच्या भांडणात तो पाडला गेला. पुन्हा उभा राहिला तो थेट १५२० च्या सुमारास, जुन्याच पायावर. नुसत्या राहत्या वाड्याच्या वाट्याला एवढं येतं का?

१८व्या शतकात तिथल्या सरदारांनी त्याचं सुखवस्तू घर करून टाकलं, तेवढा मुद्दा मामांना दिला. पण त्याच घरात १७४० मध्ये लेखिका बेल फान झाउलन जन्मली. विशीत तिने फ्रेंचमध्ये कथा लिहिली: नायिका प्रियकराबरोबर पळताना पूर्वजांची तैलचित्रं खिडकीतून खाली टाकते, चिखलात पाय ठेवायला. आईवडिलांनी पुस्तक बाजारातून उचलायला लावलं. आत खऱ्या पूर्वजांच्या रांगा भिंतीवर बघताना मला सारखं तेच आठवत होतं. मामा तेव्हा खंदकाची खोली विचारत होते.

मामा गप्प झाले ते बागेत. तिथे एक नागमोडी भिंत आहे, तिला म्हणतातच सापभिंत. वळणांमुळे पातळ असूनही टेकूशिवाय उभी राहते, आणि दक्षिणेकडच्या खोबणींत ऊन साठतं, म्हणून या थंडीतही पीच, अंजीर, द्राक्षं धरायची. मामांनी विटेवर तळवा ठेवला. “गरम आहे गं.” दहा मिनिटं तिथेच. ग्रुपवर मात्र तिचा फोटो टाकला नाही!

गावाच्या नावातलं ‘आउट’ म्हणजे जुनं. शेजारचं झाउलन कारखान्यांमुळे फुगलं आणि १९५४ मध्ये उट्रेख्त शहरात गेलं. हा नदीकाठचा तुकडा मागे राहिला.

हो, वाडा १९५२ पासून संग्रहालय आहे. आम्हाला आत गाइडबरोबरच सोडलं, आणि जिने अरुंद आहेत. आईचे गुडघे दुखत असतील तर बाग आणि नदीकाठ पुरे. हिवाळ्यात जायच्या आधी उघडं आहे का बघा.