घराची दुरुस्ती : फरशीखालचे काम आधी

प्रश्न : डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमची १९९७ साली बांधलेली सदनिका आहे. खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छतावर आमच्या न्हाणीघराखाली ओल दिसते. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवली तर चार दिवसांत काम होईल आणि गळतीही थांबेल, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. ते मान्य करावे का?

उत्तर : कृपया मान्य करू नका. फरशी पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो तिच्याखालचा जलरोधक थर, आणि आपल्याकडे ओल खाली पोहोचली आहे याचा अर्थ तो थर, नळ किंवा सांडपाण्याचा एखादा सांधा निकामी झालेला आहे. वर नवी फरशी बसवल्याने दोष झाकला जाईल, मात्र पाण्याची वाट बंद होणार नाही. शिवाय जमिनीची पातळी साधारण दीड-दोन सेंटिमीटरने वाढेल आणि उंबरा पुरेसा उंच नसल्यास न्हाणीघरातले पाणी बाहेरच्या खोलीत येऊ लागेल.

त्या काळच्या बऱ्याच इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. हा कोबा एकदा भिजला की महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो, म्हणून नळ दुरुस्त करूनही खालचे छत लगेच कोरडे होत नाही आणि घरमालकाला वाटते की दुरुस्तीच फसली. जुने लोखंडी नळ आतून गंजलेले असण्याची शक्यताही मोठी आहे. त्यामुळे फरशी आणि कोबा काढून स्लॅबपर्यंत जावे, नळ बदलून त्यांची दाबाखाली चाचणी घ्यावी, आणि मगच जलरोधनास हात घालावा. गळती बहुधा सपाट जागेतून होत नाही. ती नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतून सांडपाणी जाण्याच्या तोंडाच्या) भोवती, नळ भिंतीतून आरपार जातो तेथे, आणि भिंत व जमीन मिळतात त्या कोपऱ्यात होते. म्हणून कोपऱ्यांत सिमेंटचा वाटा, म्हणजे काटकोन बुजवणारी गोलाई, भरून घ्यावा, थर भिंतीवर किमान एक फूट चढवावा आणि शॉवरच्या भिंतीवर तो सहा फुटांपर्यंत न्यावा.

थर वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून न्हाणीघरात पाणी साठवावे आणि ते ४८ ते ७२ तास तसेच ठेवावे. या काळात खालच्या शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या छताची रोज पाहणी करावी. खडूने जुन्या ओलीची कड आखून ठेवली, तर डाग पसरतो आहे की नाही हे निःसंशय कळते. ठेकेदार या चाचणीसाठी नाखूष असतात, कारण तेवढे दिवस गवंडी रिकामा बसतो. तरीही ती वगळू नये, आणि काम ठरवतानाच तिचा उल्लेख लेखी करून घ्यावा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, मोरी इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाकडे येतो, त्यामुळे हे काम दोनदा करावे लागल्यास भुर्दंड आपल्यालाच पडेल.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधील भिंत पाडायची आहे. भिंत साडेचार इंचांची असल्याने ती भार वाहत नाही, असे मिस्त्री सांगतात. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या इमारतीत मधली भिंत बहुधा केवळ विभाजनासाठी असते हे खरे. पण एखादा खांब त्याच भिंतीत दडलेला असू शकतो, आणि जुन्या भारवाहक बांधकामात तर वरच्या मजल्यांचे वजन भिंतीच पेलतात. केवळ जाडी मोजून हा निर्णय करता येत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एक चारमजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चालू असलेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्यानंतर झाला. आपल्या घरातील एका भिंतीचा निर्णय वरखालच्या सर्व कुटुंबांच्या जिवाशी जोडलेला असतो, म्हणून परवानाधारक संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय, संस्थेची परवानगी आणि आवश्यक तेथे महापालिकेची मंजुरी मिळेपर्यंत हातोडा उचलू देऊ नये. वायरिंगसाठी तुळईत किंवा खांबात झिरी मारण्यासही ठाम नकार द्यावा. गज उघडे पडले की गंज तेथूनच सुरू होतो.

भिंती उघड्या असतानाच वायरिंगही बदलून घ्यावे. फ्रिज, मायक्रोवेव्ह, गीझर आणि वातानुकूलन यंत्र कोठे बसणार हे आधी ठरवून जड उपकरणांना स्वतंत्र वायर द्यावी, दीड टनाच्या यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी, आणि मुख्य फलकावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून छायाचित्रे घेऊन ठेवावीत, कारण पुढे एखादा खिळा ठोकताना आत नळ कोठे आहे हे केवळ त्यांतूनच समजेल.

प्रश्न : गणपतीपूर्वी रंगकाम उरकायचे आहे. गिलावा होऊन आठ दिवस झाले आहेत. पुट्टी लावावी का?

उत्तर : पावसाळ्यातील दमट हवेत आठ दिवसांचा गिलावा वरून कोरडा दिसला, तरी आतून ओलाच असतो. त्यावर पुट्टी व रंग चढवल्यास आतली ओल बाहेर पडताना फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. नव्या गिलाव्याला साधारण २८ दिवस द्यावेत. गणपती जुन्या रंगाच्या खोलीत बसवावा आणि नव्या भिंतींचे रंगकाम दसऱ्याच्या सुमारास हाती घ्यावे. ठेकेदाराला मात्र त्या कामाचे पैसे आताच देऊन टाकू नयेत.