ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो

प्रश्न : वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. पावसाळ्यानंतर ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा मंदावतो आणि शेजारचा इंडिकेटर मिणमिणतो. मेकॅनिक म्हणतो, सगळं वायरिंग बदला. बदलू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दादा, वायरिंगला कात्री लावू देऊ नका. हा बहुतेक अर्थचाच, म्हणजे दिवा गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या जोडाचाच दोष आहे. दिव्यातला करंट बॉडीवाटे बॅटरीच्या निगेटिव्हला परततो. तो जोड गंजला की ब्रेकच्या २१ वॉटच्या फिलामेंटचा करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

एक लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवे लख्ख झाले की रोग सापडला. वायर होल्डरच्या मधल्या टोकाला मात्र लागू देऊ नका, फ्यूज जाईल.

गेल्या श्रावणात अशीच एक पद्मिनी माझ्याकडे आली होती. डिकीतला अर्थचा स्क्रू काढला, तर टर्मिनलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीवर, हिरवट पूड आणि खाली रंगाचा जाड थर. पेंटरने रंगावरच अर्थ आवळला होता! पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं टर्मिनल आवळलं, वरून व्हॅसलिन. पाऊण तासाचं काम.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर बल्ब काढून बघा. तिथे दोन फिलामेंटचाच हवा, बाजूचे खिळे वरखाली असलेला. मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) नसेल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक साधा आणून ठेवा. जुन्या गाडीला तो लागतोच.