मारुती फ्रॉन्क्स की टाटा नेक्सॉन?

प्रश्न: घर माशेलला, नोकरी पणजीत. पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी हवी. घरची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. शिवाय आईचे गुडघे दुखतात. कोणती घेऊ?

उत्तर: ताई, आधी तुमच्या वाटेचा विचार करू. दोन्हींची लांबी ३९९५ मिमी, पण फ्रॉन्क्सची रुंदी १७६५ आणि नेक्सॉनची १८०४ मिमी. माझ्याही घराकडे असेच गडगे आहेत. समोरून दुधाची रिक्षा आली की हे चार सेंटिमीटर जाणवतात. पावसात पाणी तुंबलं की मात्र नेक्सॉनचा २०८ मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) दिलासा देतो. फ्रॉन्क्सचा १९०, तोही कमी नाही. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत नेक्सॉनला पाच तारे आहेत, हे मी फार मोलाचं मानतो.

ऑटोमॅटिकमध्ये एएमटी (साध्या गिअरबॉक्सचेच गिअर यंत्राने बदलणारी) नको. पणजीत शिरतानाच्या रांगेत ती हिसके देते. फ्रॉन्क्स टर्बोचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारा) किंवा नेक्सॉनचा डीसीए (दोन क्लचचा) गिअरबॉक्स चालवून पाहा.

आणि आईंना शोरूमला न्याच! पुढच्या-मागच्या दोन्ही सीटवर चार वेळा चढउतार करू दे. मी माझ्या आईला नेलं नव्हतं, आजही चुटपुट लागते. तुमच्या आईंचे गुडघे नेक्सॉनला हो म्हणाले, तर गडग्याशी जपून चालवा, पण तीच घ्या.