ग्रीक आणि तुर्कांचं वैर नेमकं कशामुळे? खरंच हजार वर्षांचं आहे का?

1453 ला ऑटोमन तुर्कांपुढे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, पडलं हे सगळ्यांना माहितीये, पण तेवढंच सांगून विषय संपवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षं हे लोक एकाच सुलतानाखाली शेजारीशेजारी राहिले. आजचं वैर आहे ते 1821 च्या ग्रीक बंडापासूनचं, आणि खरी जखम 1919 ते 1923 मधली.

मी मर्चंट नेव्हीत असताना आमचं जहाज तुर्कस्तानच्या इझमीर बंदरात अडकून पडलेलं, एजंटचा ड्रायव्हर आम्हाला ने-आण करायचा, पक्का तुर्क, गाडीत झेंडा वगैरे. एकदा कॉर्डनला समुद्राकाठी चहा पिताना सांगायला लागला की त्याची आजी क्रीट बेटावरची मुसलमान, तुर्की तिला धड यायचंच नाही, घरात मरेपर्यंत ग्रीक बोलली. 1923 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकांची अदलाबदल ठरली ती भाषा बघून नाही, धर्म बघून. साधारण 12 लाख ख्रिश्चन ग्रीसला, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानला, जायचंय का हे कुणी विचारलंच नाही. आपल्या फाळणीच्या 24 वर्षं आधी, आणि तेही दोन सरकारांनी सही करून! आजीला इथले शेजारी अर्धी काफिर म्हणायचे आणि तिकडे ग्रीसमध्ये अनातोलियातून (तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातून) गेलेल्यांना तुर्कांची अवलाद.

आम्ही बसलो होतो त्याच किनाऱ्यावर सप्टेंबर 1922 मध्ये मागे शहर पेटलेलं आणि हजारो ग्रीक, आर्मेनियन लोक जहाजांची वाट बघत अडकलेले, हे त्याने सांगितलं नाही, ते मला नंतर ग्रीसच्या पिरेअस बंदरात एका ग्रीक बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) सांगितलं, आणि त्याने 1919 ला ग्रीक सैन्य इझमीरला उतरलं आणि हरून परतताना गावं जाळत गेलं ते गाळलं. दोघांनाही शाळेत अर्धंच शिकवलंय.

आमचे मेहुणे दर दिवाळीला म्हणतात, ते त्यांच्या रक्तातच आहे. मग ज्या ग्रीक पंतप्रधान व्हेनिझेलोसने 1919 ला सैन्य पाठवलं तोच 1930 ला अंकाऱ्याला जाऊन तुर्कस्तानचा राष्ट्राध्यक्ष अतातुर्कशी मैत्रीचा करार कसा करतो, 1934 ला नोबेलच्या शांतता पुरस्कारासाठी अतातुर्कचं नाव कसं सुचवतो? इथे आले की मेहुणे विषय बदलतात. तुमच्याशी कुणी हजार वर्षांवरून वाद घातला तर सरळ 1930 चं विचारा.

अर्थात सुलतानाच्या काळात सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असं नाही हं, ख्रिश्चनांवर जिझिया होता, त्यांची पोरं उचलून सैन्यात न्यायचे. आणि 1955 ची इस्तंबूलची दंगल आणि 1974 चं सायप्रस राहिलंच, त्यावर वेगळं लिहावं लागेल.