३६ की ४८? ई-सायकलच्या बॅटरीचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सायकलला ३६ व्होल्टचं किट (मोटर, बॅटरी वगैरे) आहे. कात्रजच्या चढाला ती दम टाकते. नुसती ४८ ची बॅटरी जोडली तर चालेल का?

नुसती बॅटरी बदलू नका. ३६ ची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्टपर्यंत जाते, ४८ ची ५४.६ पर्यंत. ३६ च्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणाऱ्या डब्यात, कपॅसिटर नावाचे विजेचे छोटे भाग ५० व्होल्टपर्यंतच सोसणारे असतात. मागच्या महिन्यात असाच एक कंट्रोलर माझ्याकडे आला. झाकण काढलं तर कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं, आत जळका वास. तेव्हा आधी लेबल वाचा. त्यावर ‘३६/४८’ छापलेलं असेल तरच पुढचा विचार करा.

आणि चढाचं म्हणाल, तर व्होल्टेज वाढवल्याने मोटरचा वेग वाढतो. चढायला लागणारी ओढ येते अँपिअरमधून, म्हणजे करंटमधून. चाकातली हब मोटर चढावर हळू फिरते, करंट खाते आणि तापते. घाटमाथ्यावर थांबून हात लावून पाहा, कळेल. रोजच घाट असेल तर ४८ चं अख्खं किट घ्या, शक्यतो पॅडलपाशी बसणाऱ्या मोटरचं. ती सायकलचेच गिअर वापरते, म्हणून चढावर दमत नाही. सपाट रस्त्याने रोज आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्याला मात्र ३६ पुरेसं आहे. उगाच जास्त पैसे घालू नका.

प्रश्न : ४८ घेतली की एका चार्जमध्ये लांब जाता येतं ना?

तसं नाही. व्होल्टला बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरने गुणा, की वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा, कळते. ३६ × १० म्हणजे ३६० वॉट-अवर, आणि ४८ × ७.५ म्हणजेही ३६०. दोन्ही जवळपास सारखंच अंतर नेतील. दुकानात वॉट-अवर विचारा.

प्रश्न : घरी ६० व्होल्टच्या स्कूटरचा चार्जर आहे, पिनही बसते. ४८ च्या बॅटरीला लावू?

एकदाही लावू नका. तो ६७ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त देतो. बॅटरीतलं संरक्षक सर्किट निकामी झालं, तर सेल पेट घेऊ शकतात. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं होत नाही.

प्रश्न : मुलगा ७२ व्होल्टचा हट्ट धरून बसलाय. काय सांगू?

आपल्याकडे २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तरच लायसन्स-नोंदणी लागत नाही. ७२ ची किटं बहुतेक यापलीकडची असतात. शिवाय त्या वेगाला साध्या सायकलचे रिम-ब्रेक पुरे पडत नाहीत. आधी त्याला ते दाखवा.