मुलगा दुसरीत आहे, 63 ला 36 लिहितो, वजाबाकी दिसली की रडतो. गणिताची गोडी कशी लावावी? एखादं चांगलं ॲप आहे का?

ॲप सध्या राहू द्या. मी सांगलीजवळच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, आणि तुम्ही लिहिलंय तसली पोरं दरवर्षी वर्गात असतात. हुशार असतात, फक्त त्यांच्यापुढे वही फार लवकर येते.

63 चं 36 होण्यात तर त्याचा काही दोषच नाही. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ मागून, लिहायचे मात्र सहा आधी. पोरगं कानावर पडलं तसं लिहितं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असंही वाचायला दिलं होतं, त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हीच अडचण सांगत होत्या. लोकांनी विनोद केले, मला मात्र वर्गात त्याचा रोज उपयोग होतो. घरी दोन्ही एका दमात म्हणा, 'त्रेसष्ट, साठ आणि तीन'. जुनी नावं कुठे जात नाहीत.

मग हातात वस्तू द्या. आमच्याकडे तासगावचे बेदाणे घरोघरी असतात, तुमच्याकडे चिंचोके असले तरी चालतील. मूठभर काढायला सांगा. मोजायच्या आधी अंदाज विचारा, तुमचाही सांगा, आणि तुमचा चुकू द्या. त्याला त्यातच जास्त मजा येते. आता दहा-दहाच्या ओळी लावायच्या. चार ओळी आणि वर सात उरले की सत्तेचाळीस. एकेक मोजत बसण्यापेक्षा ओळी लावणं सोपं पडतं, हे त्याचं त्यालाच कळतं.

वजाबाकीसाठी कंडक्टरचा खेळ घ्या. कागदाच्या दहाच्या नोटा करा, एक-एक रुपयाची खरी नाणी घ्या. तो कंडक्टर, तुम्ही प्रवासी, आजी असतील तर त्या बँक. त्याच्या पिशवीत चार नोटा आणि दोन नाणी, म्हणजे 42 रुपये. त्याने तुम्हाला 17 परत द्यायचेत. एक नोट देईल, मग सात नाणी काढायला जाईल तर दोनच! इथे घाई करून सांगू नका. आपली पोरं एसटीत 'सुट्टे द्या' ऐकतच वाढलेली असतात, तो आपणहून आजीकडे जाऊन नोट मोडून आणतो. आता बारा नाणी झाली, त्यातली सात दिली, पाच उरली. नोटा दोन. पंचवीस. दशक सुटा करायचा म्हणतात तो एवढाच. हे पुष्कळदा खेळून झालं की मगच वहीत मांडा, आणि मांडताना प्रत्येक पायरीला विचारा, 'आत्ता आजीकडे कोण गेलं?' वर बारीक अक्षरात लिहिलेल्या त्या 12 चा अर्थ मग वेगळा शिकवावा लागत नाही.

पावसाळ्यात आमच्या वर्गात आणखी एक चालतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, हे सांगलीत लहान पोरांनाही ठाऊक असतं. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. भिंतीवर कागदाची उभी पट्टी लावून खालून वर आकडे लिहिलेत, रोजची पातळी पोरंच खुणेने दाखवतात. आज 32, मग इशाऱ्याला किती कमी? कालपेक्षा किती चढलं? संख्यारेषा आडवीच काढली पाहिजे असं थोडंच आहे. (2019 च्या पुरात घरात पाणी शिरलेली मुलं वर्गात असली तर मी जपून बोलते. तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं.) तुमच्या गावात पूल नसेल तर दाराच्या चौकटीवर मुलाची उंची लिहा, काम तेच.

पाढ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं रडणं तिथेच असतं. अंड्यांचा ट्रे आणा, आडव्या पाच ओळी, प्रत्येकीत सहा. फिरवून धरा, सहा ओळी, प्रत्येकीत पाच. अंडी तीसच. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की जवळपास निम्मे पाढे आधीच येत असल्याचं त्याला कळतं. पाठांतर पुढे करायचंच आहे, त्याला माझा विरोध नाही.

राहिला गृहपाठ. वीस वजाबाक्या दिल्या असतील तर त्यातल्या चार नोटा-नाण्यांनी सोडवून घ्या आणि वहीत बाईंना तसं दोन ओळींत लिहा. बहुतेक बाई समजून घेतात. नाहीच घेतलं, तर उरलेल्या सोळा दोन दिवसांत वाटून करा, पण रडत असताना एकही नको.